तुतारी जिथे वाजत नसे

तिक्मत ५, २००८, शुक्रवार. सकाळचे सव्वादोन.

दुकानाचं शटर अर्धं उघडलं आहे आणि मी इद्दिरच्या सभासदांची नावं संगणकात भरायला बसलो आहे. संगणकाच्या घड्याळात परदेशी वेळ आहे, तिथे सव्वाआठ दिसतात आणि तारीख ऑक्टोबर २०१५ची. आपण तास सूर्य उगवल्यापासून मोजतो, हे त्याला शिकवता येत नाही.

इद्दिर आमच्या जुन्या वस्तीची. महिन्याला वर्गणी द्यायची; मग घरात मयत झाली की तंबू, बाकडी, पातेली आणि रडायला माणसं इद्दिरची. दोन वर्षांपूर्वी वस्ती पाडली. काही घरं इथे शहराबाहेरच्या नव्या इमारतींत आली, बाकीची अदिस अबाबाच्या चार टोकांना फेकली गेली. वस्ती गेली, इद्दिर राहिली.

काल अध्यक्ष आतो तेसेमा दुकानात आले. म्हणाले, "यितबारेक, तू दहावीपर्यंत शिकलेला, अक्षर चांगलं, संगणक हाताशी. एक बटण दाबलं की मयतीची बातमी सगळ्यांच्या मोबाईलवर गेली पाहिजे."

मी म्हटलं, "दहावी नापास आहे मी."

"नापास झालास म्हणजे दहावीपर्यंत गेलास ना!"

काम घेतलं. भीती वाटते. आमच्या लिपीत 'ह' तीन आहेत आणि उच्चार एकच, तेव्हा कोण आपलं नाव कोणत्या 'ह'ने लिहितो हे प्रत्येकाला विचारावं लागेल. मेलेल्या माणसाचं नाव चुकलं तर ते मला सहन होणार नाही.

एक लिहून ठेवतो. जुन्या वस्तीत आम्हा सगळ्यांचे काका, गाशे देबेबे, मयत कळवायला तुतारी वाजवत फिरायचे. पहाटेच्या थंडीत, निलगिरीच्या पाल्याचा धूर पत्र्यांवर तरंगत असताना, लांब एकच सूर यायचा. आईचा हात पिठात थांबायचा. "कुणाकडे?" असं ती भिंतीला विचारायची आणि भिंतीपलीकडून शेजारीण उत्तर द्यायची. इथल्या भिंती सिमेंटच्या आहेत. आई चौथ्या मजल्यावर राहते आणि भिंतीला काही विचारत नाही.

तिक्मत ८, सोमवार.

यादी तपासायला गाशे देबेबेंकडे गेलो. ते मुलीकडे राहतात, दोन इमारती सोडून. तुतारी दाराच्या मागे खिळ्याला टांगली आहे आणि तिच्या तोंडात नातवाने मोजा कोंबला आहे.

मी नाव वाचायचो आणि ते बोलायला लागायचे. हा दम्याचा, याला जिना चढायला लावू नका. ही आणि ती भावजय एका बाकावर बसत नाहीत. मी म्हटलं, "गाशे, नाव, नंबर, इमारत. एवढेच रकाने आहेत."

"मग बाकीचं कुठे ठेवतोस?"

"बाकीचं लागत नाही."

"बरं," म्हणाले आणि कॉफी ओतली. दुसरा पेला प्यायल्याशिवाय पुढचं नाव घेऊ दिलं नाही.

एतेते असेलेफेच या थोरल्या बाईंच्या नावापाशी थांबले. त्या माझ्याच इमारतीत, पहिल्या मजल्यावर राहतात. "एकटी आहे. मुलगा गेताहुन जिबूतीच्या रस्त्यावर ट्रक चालवतो. नवरा गेल्यापासून तोच तिचा देव. पहाटे देवळात जाते ती ऊन चढल्यावर येते. साक्षरतेच्या मोहिमेत नाव लिहायला शिकली, नावापुढे गेली नाही. पण वर्गणीला अंगठा देत नाही हां, सही करते. तिच्या घराच्या चार घरं आधी मी तुतारी खाली घ्यायचो."

"का?"

"म्हणजे तिच्या घरचंच काही असेल तेव्हा. सासू गेली तेव्हा, नवरा गेला तेव्हा."

पुन्हा तुतारीचा विषय निघाला असं पाहून मी नंबर विचारला. नंबर त्यांना ठाऊक नव्हता. एतेतेंना विचारून घेतला.

तिक्मत १५, सोमवार.

नगर कार्यालयाने इद्दिरच्या चिटणिसांसाठी शिबिर ठेवलं होतं. शिकवणाऱ्या बाईंनी फळ्यावर चार पायऱ्या काढल्या: डेटा, माहिती, ज्ञान, शहाणपण. मी जशाच्या तशा उतरवून घेतल्या.

बाईंनी मलाच उभं केलं. मी म्हटलं, "फोन नंबर आणि नावं हा डेटा. अमुक वारले, अमुक वाजता माती, ही माहिती." बाई म्हणाल्या, "शाब्बास. आणि ज्ञान?" मी म्हटलं, "किती माणसं येतील त्यावरून तंबू केवढा लागेल, हे ठाऊक असणं." टाळ्या पडल्या. माझे कान गरम झाले.

चौथ्या पायरीपाशी आलो तोच चहा आला. मागच्या बाकावरच्या एका म्हाताऱ्याने विचारलं, "बाई, या पायऱ्या चढायच्या की उतरायच्या?" सगळे हसले, बाईसुद्धा. मग वीज गेली. चौथीसाठी मी वहीत चार ओळी कोऱ्या सोडल्या आहेत.

तिक्मत २३, मंगळवार.

पहिला संदेश गेला. जुने शिंपी वारले. आतो तेसेमांचा फोन आल्यापासून नऊ मिनिटांत सगळ्यांना कळलं. शहराच्या पार दुसऱ्या टोकाहून दोन बस बदलून माणसं मातीला पोचली. आतो तेसेमा चारचौघांत म्हणाले, "बघा! पूर्वी चार गल्ल्यांपलीकडे कळेपर्यंत दुपार व्हायची."

गाशे देबेबे तंबूच्या कोपऱ्यात बसून उकडलेले गहू-हरभरे खात होते. मी विचारलं, "गाशे, ठीक झालं ना?" म्हणाले, "छान झालं. शिंपी एकटाच होता, कुणाला सांभाळायचं नव्हतं." हे कौतुक होतं की नाही ते कळलं नाही. बहुधा होतं.

हिदार ३, शुक्रवार.

आज काही घडलं नाही. पण शिंप्याच्या मातीपासून एक आठवण जात नाही, ती लिहून मोकळा होतो.

वडील गेले तेव्हा मी आठ वर्षांचा. घरी कळायच्या आदल्या दिवशी गाशे देबेबे अचानक आले आणि मला खांद्यावर बसवून आपल्या घरी घेऊन गेले. तिथे मला शिरो-इंजेरा दिला, वर मध घातलेली भाकरी दिली, रात्री पुन्हा जेवायला घातलं. एवढे लाड का, मला समजेना. मी खूश होतो. पहाटे उठवून घरी आणलं तर अंगण माणसांनी भरलेलं. आईच्या दोन्ही बाजूंना बायका बसल्या होत्या. मग वडीलधाऱ्यांनी मेर्दो केला, म्हणजे बातमी सांगितली. आई उठून धावली तेव्हा तिला धरायला सहा हात होते.

आता कळतं की गल्लीला आदल्या दिवसापासून ठाऊक होतं. तरी आमच्या दारापुढे तुतारी वाजली नव्हती. ती वस्ती म्हणजे दीडशे घरांचं एक तोंड होतं. कधी बंद राहायचं ते त्याला समजायचं.

हिदार ९, गुरुवार. संध्याकाळ.

अक्षर वाईट येतं आहे.

सकाळी साडेतीनला आतो तेसेमांचा फोन आला. गेताहुन गेला. आवाशच्या पुढे उतारावर ट्रक उलटला. मालकाने इद्दिरला फोन केला, कारण अडीअडचणीला कळवायचा नंबर म्हणून गेताहुनने इद्दिरचाच दिला होता. मृतदेह उद्या दुपारी पोचेल. "लगेच कळव सगळ्यांना," आतो तेसेमा म्हणाले. ते रडत होते.

मी लिहिलं: "श्रीमती असेलेफेच यांचा मुलगा गेताहुन अपघातात वारला. उद्या दुपारी माती. तंबू इमारतीच्या अंगणात." प्रत्येक अक्षर तीनदा तपासलं. मग 'सर्वांना' दाबलं. सात मिनिटं लागली. ती वेळ मी वहीत लिहिली आणि चहा मागवला. हे सगळं मी केलं.

चहा संपायच्या आत दारात एतेते असेलेफेच उभ्या होत्या. हातात रुमालात गुंडाळलेला मोबाईल.

"लेकरा, हे वाजलं बघ. आता कोण गेलं?"

तेव्हा मला कळलं मी काय केलंय ते. यादीत त्यांचाही नंबर होता. मीच घातला होता.

मोबाईल हातात घेतला. म्हटलं, "एतेते, इद्दिरचा नाही हा. टेलिफोन कंपनीची जाहिरात आहे."

"जिन्यात सगळ्यांचे एकदमच वाजले. समोरची बाई माझ्याकडे बघून आत पळाली, दूध उतू गेल्यासारखी."

"सगळ्यांना आली असेल जाहिरात."

"असेल. काय म्हणते कंपनी?"

"पन्नास बिर्र भरले की दहा मिनिटं फुकट."

त्या स्टुलावर बसल्या. अंगावरची नेतेला, ती पातळ सुती ओढणी, डोक्यावरून सारखी केली. म्हणाल्या, "पुन्हा वाच."

"शंभर बिर्र भरले की..."

"मघाशी पन्नास होते."

"पन्नासच, एतेते. माझी नजर चुकली."

त्यांनी मोबाईल माझ्या हातातून घेतला, दूर धरला, जवळ आणला. मग पहिल्या ओळीवर बोट ठेवलं आणि तसंच राहू दिलं. "हे काय लिहिलंय इथे?"

"पन्नास बिर्र," मी म्हटलं.

"बरं."

बराच वेळ बोट तिथेच होतं. बाहेर मिनीबसचा पोरगा ओरडत होता. माझ्या कपाळावरून घाम नाकावर आला, पण पुसायचं धाडस होईना. मग त्या म्हणाल्या, "हा फोन बंद करून दे. सारखा वाजतो. उद्यापर्यंत नकोच मला." मी बंद करून दिला. देवच पावला, कुणी सांत्वनाचा फोन केला असता तर सगळं संपलं असतं.

उठता उठता म्हणाल्या, "उद्या पहाटे मी देवळात जाणार नाही. गुडघा धरलाय. कुणी विचारलं तर सांग, घरीच आहे."

दारापर्यंत गेल्या आणि वळल्या. "जेवलास का रे?"

"नाही."

"तोंड एवढंसं झालंय. आधी जेव. मग बाकीचं."

मी जेवलो नाही. शटर ओढून गाशे देबेबेंकडे पळालो. वाटलं होतं, मारतील. त्यांनी सगळं दोनदा विचारलं. "बोट कुठे ठेवलं म्हणालास?"

"पहिल्या ओळीवर."

त्यांनी डोळे मिटले. मग म्हणाले, "पहाटे जाऊ. मी तिच्या जिन्यातल्या बायकांना सांगतो, आज कुणी तिच्या दारात जाऊन गळा काढायचा नाही. तूही यायचं."

"मी? मी कोण त्यात?"

"कळवणारा तूच ना?"

एतेते उद्या पहाटे देवळात गेल्या असत्या तर वाटेत, गर्दीत, कुणीतरी बोललं असतं. गुडघा नेमका आजच धरला. संत मिकाएलने माझी लाज राखली. फक्त रात्र नीट जाऊ दे.

हिदार १०, शुक्रवार.

आम्ही सहा जण गेलो. गाशे देबेबे, आतो तेसेमा, जुन्या वस्तीतल्या तीन बायका आणि मी. उजाडायला अवकाश होता. जिन्यात दिवा नव्हता. गाशे भिंतीला हात लावत चढले.

मी दार वाजवायला हात उचलला तोच ते उघडलं.

आत शेगडी पेटलेली होती आणि कॉफीचं भांडं वर होतं. भिंतीला लागून चार बाकडी मांडलेली. शेजाऱ्यांची असावीत, कारण दोन निळी होती. कोपऱ्यात मोठ्या पातेल्यात गहू आणि हरभरे भिजत होते, चांगले शंभर माणसांना पुरतील इतके. परवा मिकाएलचा सण आहे, त्यासाठी असतील. माझ्या जिवात जीव आला. सणाची तयारी करणाऱ्या बाईला काही ठाऊक नसणार.

"बसा," त्या म्हणाल्या. "थंडी आहे. देबेबे, दम लागला का तुला? चार पायऱ्यांत? आणि तुतारी फुंकायचास म्हणे."

"म्हातारा झालो, असेलेफेच."

"आपण सगळेच झालो." त्यांनी प्रत्येकाच्या घरची चौकशी केली. आतो तेसेमांच्या सुनेचं विचारलं. मला भाकरीचा तुकडा दिला आणि मी चावून गिळेपर्यंत माझ्याकडे बघत राहिल्या. बायका सरकत सरकत त्यांच्या दोन्ही बाजूंना जाऊन बसल्या. एतेतेंनी सरकून जागा दिली.

मग गाशेंनी सुरुवात केली. जुन्या गल्लीपासून. नळावर गेताहुन पहिल्यांदा चालला तिथपासून. कुणाच्या कोंबडीमागे पळाला, कुणाची काच फोडली. एतेते मान हलवत होत्या. "काच त्याने नव्हती फोडली," एवढं एकदा म्हणाल्या. गाशेंनी ते मान्य केलं आणि पुढे गेले. आवाज तुटत होता तरी घाई केली नाही. शेवटच्या वाक्याला पोचले, ते बोलले, आणि एतेतेंनी ते पूर्ण होऊ दिलं.

मग त्या ओरडल्या. तो आवाज मी लिहू शकत नाही. कालपासून कुठेतरी अडवून धरल्यासारखा आवाज होता तो. बायकांनी त्यांना धरलं. गाशेंनी धरलं. मी काय करावं ते न कळून त्यांचा पाय धरून बसलो.

दुपारी मृतदेह आला तेव्हा गाशेंनी अंगणात तुतारी फुंकली, एकदाच. मोजा कुणी काढला कोण जाणे. सूर इमारतींवर आपटत वर चढला. इथल्या मुलांनी तो कधी ऐकला नव्हता. ती खिडक्यांतून वाकून बघू लागली. पण चौथ्या मजल्यावर आई आली, आणि खालच्या मजल्यांवर जुन्या वस्तीतल्या बायका आल्या, आणि क्षणभर सगळ्या एकाच गल्लीत उभ्या आहेत असं वाटलं. पत्रे, धूर, ओला रस्ता, सगळं. मग सूर संपला आणि पुन्हा सिमेंट दिसलं.

हिदार १३, सोमवार.

तीन दिवस झाले, तंबू उतरवला. समितीची बैठक झाली. मी माझी चूक सांगितली आणि काम सोडतो म्हटलं. आतो तेसेमा म्हणाले, "चूक माझी. 'सगळ्यांना' मी म्हणालो. तू आता एक रकाना वाढव: 'यांना कळवू नये.'"

संध्याकाळी रकाना केला आणि बसून राहिलो. त्यात कुणाचं नाव घालू? आज एकाचं, उद्या दुसऱ्याचं. प्रत्येक मयतीला तो पहिल्यापासून भरावा लागेल, आणि भरायला त्या घरात कोण कुणाचं कोण, कोण आजारी, कोण एकटं, हे ठाऊक पाहिजे. गाशेंना म्हटलं, "ते सगळं मला सांगा, मी लिहून घेतो." म्हणाले, "सांगतो. पण ते बदलतं रे. जाऊन बघावं लागतं."

एतेतेंची माफी मागायची आहे. पण मागायची तर कशाबद्दल ते सांगावं लागेल. त्यांना त्या संदेशातलं काही ठाऊक नाही. कशाला उगाच दुःखात भर? गप्प राहायचं ठरवलं आहे. भेटल्या की जेवलास का, एवढंच विचारतात.

हिदार २१, मंगळवार.

सकाळी आतो तेसेमांचा फोन. आठव्या इमारतीतल्या लेम्लेमचे वडील गावी वारले. लेम्लेम इद्दिरची सभासद, नुकतीच बाळंत झालेली. मी संदेश लिहिला, अक्षरं तपासली, आणि बटणावरचा हात काढून घेतला.

गाशे देबेबेंना ताप आहे. त्यांनी सांगितलं, "असेलेफेचला विचार."

मला बरं वाटलं नाही. बारा दिवस झाले नाहीत त्यांना. तरी गेलो. त्या काळ्या कपड्यांत खाटेवर बसल्या होत्या. सगळं ऐकून त्यांनी विचारलं, "बाळ अंगावर पितं?"

"ते माझ्या यादीत नाही, एतेते."

"पितं. मी पाहिलंय. मग आज नको. आज तिला पोटभर जेवू दे, झोपू दे. उद्या पहाटे बाळ पाजून झालं की. नवऱ्याला मात्र आत्ता सांग, कामावर जाऊन, बाजूला घेऊन. आणि मी येते."

"तुम्ही? एवढ्यात?"

"मला ठाऊक आहे तिथे काय लागतं ते." मग म्हणाल्या, "तिला आपल्याआधी कुठून तरी कळेलच. नवऱ्याच्या तोंडावरून कळेल. आपण जायचं ते बसायला."

मी म्हटलं, "नाही एतेते, काही कळू देणार नाही. संदेश अडवून ठेवलाय मी."

त्यांनी माझ्या गालावरून हात फिरवला. "हो रे. तू चांगला अडवतोस."

नवरा बांधकामावर असतो, शहराच्या दुसऱ्या टोकाला. मी त्याला शोधायला एकटाच जाणार होतो, तर त्या नेतेला गुंडाळून जिना उतरू लागल्या. गुडघा दुखत असेल म्हटलं, तर म्हणाल्या, "कुठला गुडघा?" मिनीबसमध्ये माझ्याशेजारी बसल्या, खिडकीतून बघत. जुनी वस्ती होती तिथून बस गेली. आता तिथे पत्र्याचं कुंपण आहे. त्यांनी बोटाने काच पुसली आणि म्हणाल्या, "इथे नळ होता." मी म्हटलं, "हो."

नवऱ्याला त्यांनीच सांगितलं. मी त्याचं हेल्मेट धरून उभा होतो.

आजचा हिशेब.
मिनीबस, माझे जाऊन-येऊन: आठ बिर्र.
लेम्लेमकडे उद्या न्यायला दोन भाकऱ्या: बारा बिर्र.
संदेश: पाठवला नाही. खर्च नाही.
इद्दिरकडून येणे: वीस बिर्र. कोणत्या नावाखाली मागायचे ते खजिनदारांना विचारणे; 'संदेश' म्हटलं तर ते ऐकणार नाहीत.
देणे: एतेते असेलेफेच यांचे आठ बिर्र. जाताना-येताना त्यांनी स्वतःचं भाडं स्वतःच काढून दिलं. मी उद्या देईन. घेणार नाहीत.